बाईचा गडी, गड्याची बाई: तात्यांसोबत बघितलेला ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’

आधीच सांगतो, सिनेमा १९८२ चा आहे, इंग्रजी आहे, सव्वादोन तासांचा आहे आणि मी तो गेल्या रविवारी दुपारी सांगलीत आमच्या घरी हॉलमध्ये जेवणं झाल्यावर लावला होता. सोबत माझे थोरले चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. वय ८१, इंग्रजीचा गंध नाही, पण ह्या सिनेमाच्या विषयातला माणूस म्हणाल तर आमच्या अख्ख्या घराण्यात एकच, तात्या. पलूस तालुक्यात आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक व्हायचं आणि त्यात तात्यांनी सलग १४ वर्षं स्त्रीपार्टी केली. दिवसा रान आणि रात्री तालीम. मी स्वतः राज्य नाट्य स्पर्धेला बॅकस्टेज करतो, कपडेपट आणि प्रॉपर्टी माझ्याकडं असते, त्यामुळं लुगडं नेसलेला गडी मला नवीन नाही, पण हा सिनेमा बघताना तात्या जे जे बोलले ते ऐकून मला वाटलं हे लिहून ठेवलंच पाहिजे.

गोष्ट थोडक्यात. १९३४ सालचं पॅरिस. व्हिक्टोरिया नावाची एक इंग्रज गायिका एका फिरत्या संगीत नाटक कंपनीबरोबर आलेली आणि तिथंच अडकलेली. काम नाही, खोलीचं भाडं थकलेलं, चार दिवस पोटात धड अन्न नाही. तिला भेटतो टॉडी, वय झालेला, क्लबात गाणारा, नुकतीच नोकरी गेलेला. पावसात भिजून तिचे कपडे आटतात म्हणून ती टॉडीच्या घरी एका पुरुषाचे कपडे घालते आणि त्यावरून टॉडीच्या डोक्यात येतं की हिला व्हिक्टर नावाचा पुरुष म्हणून लोकांसमोर आणायचं, आणि हा पुरुष काय करणार तर स्टेजवर बाई होऊन गाणार. म्हणजे बाईनं गडी व्हायचं आणि त्या गड्यानं परत बाई व्हायचं. मी पॉज करून हे तात्यांना समजावलं तर ते दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, “मंजे बाईच हाय की ती. मग मधला गडी कशाला?” मी म्हटलं, “तात्या, मधला गडी पैशासाठी. गाणाऱ्या बाया पॅरिसमध्ये ढिगानं आहेत, बाईसारखा गाणारा पुरुष एकच.” हे मात्र त्यांना लगेच पटलं.

आपल्याकडं म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही. ह्या सिनेमाचा पहिला अर्धा तास म्हणजे तीच म्हण आहे. व्हिक्टोरिया थंडीत हॉटेलच्या काचेबाहेर उभी आहे, आत एक जाडा माणूस क्रीमची पेस्ट्री खातोय आणि ती नुसती बघतेय. बोलणं नाही काही नाही. तो घास तोंडात घालतो आणि इकडं हिचा घसा हलतो. हा विनोदी सिनेमा आहे, हसूच येतं, पण पोटात कालवतं पण. पुढं ती आणि टॉडी एका रेस्टॉरंटमध्ये जातात, खिशात दमडी नाही, ती पोटभर जेवते, एकामागून एक डिशेस मागवते, आणि बिल चुकवायला पर्समधून आणलेलं झुरळ सॅलडमध्ये सोडते. मग ते झुरळ पळतं आणि जो काही गोंधळ होतो त्यात कॅमेरा एकदम रस्त्यावर जाऊन काचेतून आतली हाणामारी लांबून दाखवतो, आवाज कमी, माणसं उडतायत. तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला, पाणी आणून दिलं. कमाल काय आहे तर दिग्दर्शकाला माहितीय की कुठं जवळ जायचं आणि कुठं लांब थांबायचं. भूक जवळून दाखवलीय आणि मारामारी लांबून.

दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स. ‘पिंक पँथर’ त्यांचाच, आणि ती टॅडँऽ टॅडँऽ ट्यून ज्यांची, त्या हेन्री मॅन्सिनींचं ह्या सिनेमाला संगीत आहे. गाणी लिहिलीत लेस्ली ब्रिकस यांनी. व्हिक्टोरिया म्हणजे ज्युली अँड्र्यूज, दिग्दर्शकाची खरी बायको. आपल्याकडं बहुतेकांना ती ‘साउंड ऑफ म्युझिक’मधली मुलांना गाणं शिकवणारी बाई म्हणून माहिती, माझ्याही डोक्यात तीच होती, त्यामुळं तिला केस बारीक कापून, सूट घालून, सिगार हातात धरून बघताना पहिली पाच मिनिटं डोळ्यांना पटतच नाही. आणि हा विषय मूळचा ह्या लोकांचाही नाही. १९३३ साली जर्मनीत ‘व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया’ नावाचा सिनेमा आला होता, राइनहोल्ड शुंत्सेल यांचा, त्यावरून हा केलाय.

हे १९३३ साल वाचून मी जरा थबकलो. कारण त्याच वर्षी, १ जुलै १९३३ ला, आपल्याकडं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आलं, नाट्यमन्वंतर ह्या संस्थेचं, ज्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक अशा खऱ्या बायकांनी बायकांच्या भूमिका केल्या. म्हणजे आपल्या रंगभूमीवर लुगडं नेसलेल्या गड्यांचा काळ सरायला लागला होता, बायका स्वतः स्टेजवर येऊन उभ्या राहायला लागल्या होत्या, आणि तिकडं बर्लिनमध्ये कोणीतरी ह्याच सोंगावर सिनेमा काढत होतं. सिनेमातलं पॅरिस १९३४ चं आहे, आणि १९३५ ला बालगंधर्व ‘धर्मात्मा’ सिनेमात पुरुषाच्या वेशात संत एकनाथ झाले. आयुष्यभर शारदा, भामिनी, रुक्मिणी, सिंधू केलेला माणूस. ही सालं शेजारी शेजारी ठेवून बघितली की अंगावर काटा येतो.

आता आम्ही सांगलीचे, त्यामुळं हे सगळं मला पुस्तकातलं वाटत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथंच, चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारात ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यातली सीता काही बाई नव्हती. ‘शारदा’ लिहिणारे देवल हरिपूरचे, ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ लिहिणारे खाडिलकर सांगलीचे, आणि ज्यांनी ह्या सगळ्या बायका रंगवल्या ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, जन्मले पलूस तालुक्यातल्या नागठाण्यात, १८८८ साली. नागठाणं आमच्या गावापासून लांब नाही. तात्या लहान असताना गावात बालगंधर्वांच्या रेकॉर्डी वाजायच्या आणि त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, खूप दिवस हा आवाज बाईचाच वाटायचा. तात्यांनी स्त्रीपार्टी करायचं ठरवलं त्याला कारण ह्या रेकॉर्डी.

सिनेमातला सगळ्यात मोठा क्षण म्हणजे ‘ल जॅझ हॉट’ हे गाणं. व्हिक्टरचा पहिला मोठा शो, हॉल गच्च भरलेला. ज्युली अँड्र्यूज काळ्या चमचमत्या पोशाखात, डोक्यावर तसाच टोप. गाणं खालच्या सुरात चालू होतं, हळूहळू चढत जातं, नाचणारे पोरगे आजूबाजूला, आणि शेवटी ती जो वरचा सूर लावते ना तो कानात नाही, छातीत लागतो. स्पीकर असला तर स्पीकरवरच ऐका, मोबाईलवर ह्या गाण्याचा जीव जातो. टाळ्या पडतात. आणि मग ती डोक्यावरचा टोप काढते. खाली बारीक कापलेले केस. पुरुष! सगळ्या हॉलमध्ये श्वास अडकतो, मग डबल टाळ्या. ज्या शिकागोच्या क्लबवाल्याला, किंग मार्चंडला, ती गाताना इतकी आवडलेली असते त्याचं तोंड बघण्यासारखं होतं, आणि शेजारी बसलेली त्याची मैत्रीण नॉर्मा मात्र खुश, कारण जिची भीती वाटत होती ती बाई पुरुष निघाली.

हा सीन मी तीनदा बघितलाय. आपल्याला माहितीय की ती बाई आहे, पडद्यातल्या प्रेक्षकांना वाटतं पुरुष आहे, आणि ज्युली अँड्र्यूजला एकाच वेळी दोन्ही खरं करायचंय, म्हणजे गाताना बाई दिसायची पण ‘पुरुषानं केलेली बाई’ अशी, थोडी जास्तच बाई. हात जरा जास्त पसरतात, मान जरा जास्त वळते. आणि टोप काढल्यावर खांदे एकदम वेगळे होतात, हनुवटी पुढं येते, पाय फाकून उभी राहते. मी तात्यांना म्हटलं, “तात्या, हे बघितलं का, खांदे बदलले.” ते म्हणाले, “बगितलं. समदं खांद्यातच आसतंय. पदर हातानं संबाळला की लोकास्नी कळतंय गडी हाय. पदर खांद्यानं संबाळायचा.”

मग त्यांनी सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहिती नव्हतं. पहिल्या वर्षी चाल जमेना म्हणून पेटीमास्तरांनी त्यांना सांगितलं की रोज संध्याकाळी नदीवरनं घरापर्यंत भरलेली घागर कमरेवर घेऊन यायची. आजीचं जुनं लुगडं नेसून, अंधार पडल्यावर, म्हणजे कोणी बघायला नको. महिनाभर कृष्णेचं पाणी आणलं. घागरीनं पाऊल आपोआप लहान पडतं, कंबर एका बाजूला जाते, दुसरा हात लांब राहतो. नाटकात घागर नसायची पण कंबर तशीच राहायची. गंगावन लावून अंबाडा, तोंडाला सफेदा, बत्तीच्या उजेडात. आणि नाटक संपल्यावर खोबरेल तेलानं सगळं उतरवून तीन वाजता झोपायचं नि सहाला बैलं सोडायची. त्यांना सिनेमात हेच कमी वाटलं, रंग चढवणं दाखवतात, उतरवणं हवं तेवढं दाखवत नाहीत. मलाही पटलं. बॅकस्टेजला उभं राहून मी कितीदा बघितलंय, अर्धा रंग उतरलेलं तोंड आरशात असतं आणि तो नट स्वतःकडं बघत बसलेला असतो, तेव्हा कोणी त्याच्याशी बोलत नाही.

टॉडीबद्दल लिहिल्याशिवाय ह्या सिनेमावर लिहिणं म्हणजे भडंगात शेंगदाणे न घालणं. रॉबर्ट प्रेस्टन नावाचे नट आहेत. मी त्यांचं ह्याआधी काहीच बघितलं नव्हतं आणि आता शोधून शोधून बघणार आहे. टॉडी समलिंगी आहे, ते तो लपवत नाही, आणि सिनेमा त्याला कुठंही हास्यास्पद करत नाही. विनोद तो करतो, विनोद त्याच्यावर होत नाही, हा फरक फार मोठा आहे आणि १९८२ साली तर खूपच मोठा. आपल्याकडं अजूनही कॉमेडी शोमध्ये गड्याला साडी नेसवायची, हात वाकडे करायला लावायचे आणि लोकांनी हसायचं एवढंच चालतं, मला ते बघवत नाही, कारण मला माहितीय ती साडी नीट नेसायला किती वेळ लागतो. टॉडी आणि व्हिक्टोरिया दोघं सुटाबुटात मिळून एक गाणं म्हणतात, दोन जुने मित्र असल्यासारखं, टोप्या हलवत, पायानं हळू ठेका धरत, ते ऐकताना वाटलं सिनेमातलं खरं प्रेम हेच आहे. मी तात्यांना जरा चाचरतच सांगितलं की ह्याला पुरुषच आवडतात. तात्या म्हणाले, “मग? गानं चांगलं म्हंतोय की.” आणि परत टीव्हीकडं बघायला लागले.

थोड्या वेळानं मात्र आपणहून बोलले. जेम्स गार्नर किंगचं काम करतात. किंगला व्हिक्टर आवडतो पण आपल्याला पुरुष आवडतो ही गोष्ट त्याला सहन होत नाही, झोप लागत नाही, तो तिच्या बाथरूमच्या कपाटात लपून बसून खात्री करून घेतो की ती बाईच आहे. पुढं ते एकत्र राहायला लागतात तेव्हा जगाच्या दृष्टीनं दोन पुरुष एकत्र, त्यामुळं त्याच्या धंद्यातले लोक त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतात, आणि हा चिडून एका दारूच्या अड्ड्यावर जाऊन मुद्दाम भांडण उकरून काढतो, आपण मर्द आहोत हे दाखवायला. हे बघताना तात्या म्हणाले की त्यांना पण बाजारात पोरं ‘बायल्या’ म्हणायची. लग्नाच्या वेळी दोन ठिकाणी मोडलं, एका मुलीच्या बापानं तोंडावर विचारलं, लुगडं नेसतो तो पोरगा हाच का. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? “काय करनार? त्या साली पन सिंधूच केली.” काकू तेव्हा प्रेक्षकांत होत्या, ‘एकच प्याला’ बघायला शेजारच्या गावातून बैलगाडीनं आलेल्या, हे मात्र आम्हाला आधीपासून माहिती आहे, घरातली आवडती गोष्ट आहे ती.

आता जे आवडलं नाही ते. किंग व्हिक्टरला म्हणतो की तू पुरुष असलास तरी मला फरक पडत नाही, आणि जवळ घेतो. पण त्याला तर आधीच कपाटातून कळलेलं असतं! प्रेक्षकांनी दचकू नये म्हणून दिग्दर्शकानं आधीच सोय करून ठेवलीय, आणि मला तिथं सिनेमा कच खाल्ल्यासारखा वाटला. माहिती नसताना तो हे म्हणाला असता तर त्या वाक्याला वजन आलं असतं. तात्यांनीही तेच बोट ठेवलं, “त्येला म्हाईत हाय की. म्हाईत नसताना म्हनला आसता तर मानला आसता.” त्या मानानं किंगचा पहिलवान बॉडीगार्ड जास्त धीट निघतो, मालकाला व्हिक्टरबरोबर बघून तो स्वतःबद्दल जे सांगून टाकतो तो सीन इतका साधा आणि गोड आहे की दहा भाषणं त्यावरून ओवाळून टाकावीत.

नॉर्माचं काम लेस्ली अॅन वॉरननी धमाल केलंय, किरकिरा आवाज, पिवळे केस, तिचं शिकागोवरचं गाणं म्हणजे भडकपणाचा कळस आणि तो तसाच हवा. पण नॉर्माच्या वाट्याला सहानुभूती काहीच येत नाही, नुसतीच कटकटी बाई म्हणून वापरलीय, जो सिनेमा टॉडीला इतकं समजून घेतो त्याला हिच्यासाठी दोन मिनिटं मिळाली नाहीत ह्याचं वाईट वाटलं. आणि मधे तो गुप्तहेर आहे, सारखा पडतो, आपटतो, त्याच्या छत्रीवर वीज पडते, ते दोनदा चालतं, पाचव्यांदा कंटाळा येतो. तिथं आम्ही चहा केला. अख्खं पॅरिस इंग्लंडमधल्या पाइनवूड स्टुडिओत उभं केलंय, ते कळतं, रस्ते जरा जास्तच स्वच्छ आणि बर्फ जरा जास्तच पांढरा, पण नाटकवाल्या माणसाला सेट आवडतो, मला खटकला नाही, उलट पडदा उघडल्यासारखं वाटलं.

एक तक्रार सिनेमाची नाही, सेवेची. ज्या ॲपवर ४८ तासांच्या भाड्यानं घेतला त्यावर इंग्रजी सबटायटल मधूनच वाक्य बोलून झाल्यावर येत होते. ह्या सिनेमात अर्धी मजा बोलण्यात आहे, टॉडी एक वाक्य टाकतो आणि त्याच्यावर व्हिक्टोरियाचं, टेबल टेनिससारखं, तिथं सबटायटल मागं पडले की जोक मेला. दोनदा बंद करून परत चालू केल्यावर नीट झालं. मराठी किंवा हिंदी सबटायटल नव्हतेच. घरात वडीलधारे असतील तर शेजारी बसून सांगावं लागेल, मी सांगितलं, आणि खरं सांगू का, त्यामुळं मलाच सिनेमा जास्त कळला. लहान पोरांना नका बसवू, नागडेपणा असा नाही पण बोलणं सगळं मोठ्यांचं आहे. कॉलेजच्या पोरांनी मात्र जरूर बघावा.

पुढं शेवट थोडा फोडतोय, बघायचा असेल तर हा भाग सोडा.

क्लबवाले आणि पोलीस येतात, व्हिक्टर बाई आहे हे सिद्ध झालं तर फसवणुकीचा गुन्हा. म्हणजे पूर्ण सिनेमाभर भीती एकच, पकडले जाण्याची. मी हे तात्यांना सांगितलं तर त्यांना कळेचना. “पकडायचं काय त्यात? सोंग हाय म्हनून तर लोक बगायला येत्यात.” आणि इथं मला कळलं की आपली गोष्ट आणि त्यांची गोष्ट कुठं वेगळी आहे. आपल्याकडं कोणी फसतच नव्हतं. बालगंधर्व पुरुष आहेत हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माहिती होतं, तरी बायका त्यांच्यासारखं पातळ नेसायला शिकल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालायला लागल्या. तात्या कोणाचा पोरगा आहे, कोणत्या रानात काम करतो हे पूर्ण गावाला माहिती होतं. तरी एका वर्षी नाटक संपल्यावर एक म्हातारी मागं आली, तात्या अजून लुगड्यातच होते, आणि तिनं त्यांची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. वर म्हणाली, “सिंधे, लई सोसलंस बाई.” तिनं तात्यांना बारशापासून बघितलेलं होतं. तात्यांनी ओटी पदरात घेतली, म्हणाले, नाही कशी म्हणणार.

आणि सिनेमाच्या शेवटी नेमकं तेच होतं. पोलिसांना आत सापडतो टॉडी, आणि स्टेजवर व्हिक्टरच्या जागी तोच येतो, तोच स्पॅनिश बाईचा पोशाख, तेच सेव्हिलच्या बाईचं गाणं जे मधे ज्युली अँड्र्यूजनी झकास म्हटलेलं असतं. साठीकडं झुकलेला, जाड, आवाज बसका, पाय अडखळतात, नाचणाऱ्या पोरांच्या अंगावर पडतो, वरचा सूर लागत नाही तर तोंड वाकडं करून पुढं जातो. आता हॉलमधल्या प्रत्येकाला माहितीय की हा पुरुष आहे. फसवाफसवी संपली. आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. व्हिक्टोरिया बाईच्या कपड्यात, किंगच्या शेजारी, प्रेक्षकांत बसून रडेपर्यंत हसतेय. माझ्या दृष्टीनं इथं हा सिनेमा सांगलीत आला.

सात ऑस्कर नामांकनं होती ह्याला, ज्युली अँड्र्यूज, रॉबर्ट प्रेस्टन आणि लेस्ली अॅन वॉरन तिघांनाही, पण मिळालं एकच, संगीताला. १९९५ ला ज्युली अँड्र्यूजनीच हे ब्रॉडवेवर नाटक म्हणून केलं आणि १९९७ ला घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा गाण्याचा आवाज गेला तो गेलाच. ‘ल जॅझ हॉट’मधला तो वरचा सूर ऐकताना हे डोक्यात असलं की सूर जास्त वेळ कानात राहतो.

संपल्यावर तात्यांनी विचारलं, त्या टॉडीचं काम केलं त्याला बक्षीस मिळालं का. मी सांगितलं, नाव होतं पण मिळालं नाही, आणि १९८७ लाच ते गेले. तात्या जरा वेळ पानाचा डबा उघडून बसले, पान काही लावलं नाही. मग म्हणाले, “त्येचं शेवटचं गानं परत लाव.” लावलं. दोनदा लावलं. दुसऱ्या वेळी त्यांचा उजवा खांदा बसल्या जागी हळूच पुढं आला नि मान वळली, आणि खांद्यावरचा टॉवेल जागचा हलला नाही. भाड्याचे अजून बरेच तास शिल्लक होते म्हणून मी मिरजेच्या आत्याला फोन लावला, तिला म्हटलं रात्री जेवायलाच ये, तात्यांना तुला काहीतरी दाखवायचंय.